आपल्या भिंतींतली राख

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या इतिहासावर एक लेख असावा, असं स्मरणिका समितीचं म्हणणं पडलं. नोंदणी, भूखंड, कर्ज, पहिली आमसभा, टँकरचं पाणी आणि मग आलेले नळ, हे सगळं अध्यक्षांच्या मनोगतात आणि अहवालात आहेच. ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. मी आपल्या भिंतींबद्दल लिहितो. येत्या वर्षी आपण सभागृह बांधायला काढतो आहोत, आणि मागच्या आमसभेत पहिलाच प्रश्न निघाला तो विटांचा. लाल घ्यायच्या की राखाडी?

हाच प्रश्न २००० साली निघाला होता. तेव्हा दोन आमसभा त्यात गेल्या. त्या वेळचे निम्मे सभासद आज नाहीत, त्यांची मुलं-सुना आहेत. मागच्या सभेत एका सुनबाईंनी विचारलं, "काकाजी, कारखान्याचा कचरा भिंतीत भरला आहे म्हणतात, लेकरांना काही होत तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. सभेत दोन मिनिटांत उत्तर देण्यासारखा मात्र नव्हता. माझी नोकरी सिमेंटच्या प्रयोगशाळेत गेली आणि २००० साली मी बांधकाम उपसमितीत होतो, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

आधी ही राख कुठली ते पाहू. आपल्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर ऊर्जानगरचं थर्मल. तिथला २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, १९८६ पर्यंत तसे चार झाले. मग १९९१, १९९२ आणि १९९७ ला ५०० मेगावॅटचे तीन. एकूण २,३४० मेगावॅट. आपली संस्था स्थापन होत होती तेव्हा राज्यातलं हे सर्वांत मोठं औष्णिक केंद्र होतं. त्याला कोळसा आपल्याच वर्धा खोऱ्याचा. आणि आपला कोळसा कसा, तर शंभर किलो जाळला की तीस ते चाळीस किलो राख मागे राहते. ही राख म्हणजे कोळशाच्या थरात कोट्यवधी वर्षांपूर्वी मिसळलेली माती आणि वाळू. कोळशाचं पीठ करून ते बॉयलरमध्ये फुंकतात, तिथे तेराशे-चौदाशे अंशांत ही माती वितळते, धुरासोबत वर जाताना थंड होते आणि तिचे काचेचे बारीक मणी बनतात. साध्या डोळ्यांना ते पिठासारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर गोल गोल मोती. काही आतून पोकळ असतात, ते पाण्यावर तरंगतात.

म्हणजे उडती राख ही आधीच भाजलेली माती आहे. कुंभाराच्या भट्टीपेक्षा जास्त आच तिने सोसलेली आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं जातं.

त्या काळी या राखेचं करायचं काय, हे कोणालाच उमगलं नव्हतं. पाण्यात कालवून नळातून मोठ्या तलावात सोडायची, एवढंच. उन्हाळ्यात तलावाचा काठ सुकला की वारा ती उचलायचा. केंद्र सरकारच्या आकड्यांप्रमाणे १९९६-९७ मध्ये देशभरात सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि तिच्यातली दहा टक्केसुद्धा कामी आली नाही. बाकीची तशीच पडून. दुसरीकडे वीटभट्ट्या शेतं खात होत्या. साधा हिशेब करा. नऊ-चार-तीन इंची एक लाख विटांना साधारण दोनशे घनमीटर माती लागते, म्हणजे दोन गुंठे जमीन मीटरभर खोल खरवडायची. वरची सुपीक माती एकदा गेली की त्या शेतात पुढे काय पिकणार? वर्धेच्या काठच्या ज्या वावरांतून त्या काळी माती उचलली, तिथे आज नुसते खड्डे आहेत, आणि त्यांत पावसाळ्यात डबकी साचतात.

शिवाय आपली काळी माती विटेला धड नाही. ओली असताना फुगते, सुकताना आक्रसते, कच्ची वीट उन्हातच तडकते. भट्टीवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक. म्हणून ते मातीत तांदळाचा कोंडा, भट्टीची चाळण, जळका चुरा मिसळायचे. थर्मलची राख मिळू लागली तेव्हा अनेकांनी तीही मिसळून पाहिली. तडे कमी झाले, आणि राखेत उरलेल्या जळक्या कोळशाने भट्टीचं इंधनही थोडं वाचलं. यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं १९९३ सालचं वेगळं मानकसुद्धा आहे, मातीत राख मिसळून भाजलेल्या विटेचं. म्हणजे कायदा येण्याच्या आधीच लोकांचा हात त्या दिशेला गेला होता.

मातीकामाबद्दल लिहिताना भद्रावतीचा उल्लेख राहू नये. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तिथे ग्रामोदय संघ उभारला आणि कुंभारकामाला नवी चाकं, नव्या भट्ट्या, नवी शिस्त दिली. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी तिथल्या कुंड्या आणि भांडी घरी आणली आहेत. माती कुठल्या आचेला पक्की होते, किती आचेला खंगर होते, हे ज्ञान या जिल्ह्यात कधीच कमी नव्हतं.

१४ सप्टेंबर १९९९ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढली. औष्णिक केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत मातीच्या विटा बनवणाऱ्याने वजनाने निदान पंचवीस टक्के राख मिसळलीच पाहिजे, आणि केंद्राने दहा वर्षं ती राख फुकट दिली पाहिजे. घुग्घुस त्या पन्नास किलोमीटरांत बसत होतं. २००३ मध्ये हे अंतर शंभर किलोमीटर झालं आणि बांधकाम करणाऱ्यांवरही बंधन आलं. २०१६ मध्ये ते तीनशे किलोमीटर झालं. आपलं बांधकाम निघालं ते १९९९ च्या अधिसूचनेनंतर लगेचच. गंमत म्हणजे त्या आमसभेत कायद्याचं नाव कोणी फारसं काढलं नाही. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवर.

बांधकाम उपसमितीने राखेच्या विटेचा नमुना टेबलावर ठेवला. ही न भाजलेली वीट. राख, चुरी, चुना आणि थोडं जिप्सम यंत्रात दाबून काढलेली. रंग थेट स्मशानाचा. एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "राखेच्या घरात रायते का कोनी जी?" सभा हसली, पण ते हसण्यावारी म्हणत नव्हते. आपल्याकडे राख सावडतात, ती घरात आणत नाहीत. कोणी म्हणालं, बांधायच्या आधीच घराची राखरांगोळी! मग एका आजींनी तोडगा काढला. त्या म्हणाल्या, "भांडी राखेनंच घासली ना जन्मभर? धान्यात कीड लागू नये म्हणून राखच टाकली ना? कपाळाला लावता ते काय आहे मग?" माझ्या मते त्या दिवशीचा ठराव आजींनीच पास केला, नोंद जरी चिटणिसांच्या अक्षरात असली तरी.

दुसरी शंका जास्त कठीण होती. भाजलीच नाही तर ती वीट पक्की कशी? यावर मी उभा राहिलो आणि सुरखीची आठवण करून दिली. आपल्या जुन्या विहिरी, वाडे, देवळांचे चौथरे सिमेंटचे नाहीत. चुना आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा, बैलाच्या घाणीत मळून लावलेला. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि चुना पाण्याच्या सोबतीने हळूहळू एकमेकांना धरतात आणि दगड होतात. रोमन लोक हेच ज्वालामुखीच्या राखेने करायचे. इटलीतल्या पोझुओली गावची ती राख, तिच्यावरूनच अशा पदार्थांना पोझोलाना नाव पडलं. थर्मलची राख म्हणजे बॉयलरमधून निघालेली सुरखीच. विशाखापट्टणमच्या भानुमतीदास आणि कालिदास या संशोधकांनी राख, चुना, जिप्सम यांचं हे मिश्रण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी विटेसाठी बसवलं आणि देशभर पसरवलं. जिप्सम सुरुवातीची पकड लवकर आणतं, चुना पुढची महिनोन्‌महिने वाढवत राहतो. म्हणून या विटेला आग लागत नाही, पाणी लागतं. दोन-तीन आठवडे नीट पाणी मारलं नाही तर ती राखच राहते.

हा धडा आम्ही पहिल्याच गाडीत शिकलो. कारखान्याने घाई करून आठवडाभराच्या विटा पाठवल्या. उतरवतानाच कोपरे झडले, बोटाने घासलं की पूड निघे. कारखान्याचं नाव इथे घेत नाही, आता तो बंद आहे. आम्ही गाडी परत पाठवली आणि अट घातली: अठ्ठावीस दिवसांच्या आतली वीट घेणार नाही. प्रत्येक गाडीतून काही विटा काढून दाबयंत्रावर फोडून पाहायच्या, चोवीस तास पाण्यात बुडवून वजन करायचं. वीस टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायली तर गाडी परत. कंत्राटदार वैतागला. "साहेब, लाल विटेला तर कोनी असं पाहत नाही." खरं होतं. लाल विटेची परीक्षा आपण दोन विटा एकमेकींवर आपटून टणत्काराने घेतो आणि तेवढ्यावर समाधान मानतो.

त्या कारखान्यात मी दोनदा गेलो. तिथे राख कोरडीच मिक्सरमध्ये ओतत होते आणि बायामाणसं तोंडाला दुपट्टा बांधून उभी होती. पापण्या, केस, सगळं राखाडी. राखेत बारीक सिलिका असते, ती वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होतात. आपल्या घराला ती वीट निर्धोक होती. ती बनवणाऱ्यांना ती राख निर्धोक नव्हती. आमच्या ठरावात याबद्दल एक शब्द नाही, आणि सभागृहाच्या कंत्राटात तो असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सुनबाईंच्या प्रश्नाकडे. राखेत विषारी काही असतं का? असतं. कोळशात अल्प प्रमाणात आर्सेनिक, शिसं, क्रोमियम, पारा असतो. कोळसा जळून गेला की त्यातले बहुतेक राखेत एकवटतात, आणि पारा मात्र बराचसा चिमणीवाटे वर जातो. युरेनियम-थोरियमही नैसर्गिकरीत्या असतंच. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९७ मध्ये याचा आढावा घेतला तेव्हा राखेतलं प्रमाण ग्रॅनाइटसारख्या साध्या खडकांच्याच आसपास दिसलं. आपल्या कायद्याने या राखेला घातक कचऱ्याच्या यादीत धरलेलं नाही. प्रमाण प्रचंड, पण विषार कमी, असा तिचा वेगळा वर्ग आहे. त्या वर्गवारीवर मी डोळे मिटून विसंबत नाही. राखेच्या तलावाचं पाणी झिरपून विहिरीत जातं तेव्हा हीच राख घातक असते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडीच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत गेलं, ते शेतकरी या वर्गवारीला काय म्हणतील?

प्रश्न राख विषारी आहे की नाही हा नाहीच. विष मोकळं आहे की बांधलेलं, हा आहे. तपासायची रीत अशी: वीट फोडून तिचा चुरा करतात, सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात अठरा तास फिरवतात आणि खाली उतरलेल्या पाण्यात जड धातू किती आले ते मोजतात. काचेच्या मण्यात अडकलेला आणि वरून चुन्याने धरलेला धातू सहजी बाहेर येत नाही. वर गिलावा आणि रंग. खिळा ठोकताना जी चिमूटभर पूड पडते ती ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. लाल भिंतीलाही हाच नियम लावा.

हेच तत्त्व खरोखरच्या घातक कचऱ्यालाही लावता येतं, आणि जगभर लावून पाहिलं आहे. राजस्थानात जस्ताच्या कारखान्यांतून जॅरोसाइट नावाचा पिवळा गाळ निघतो, शिसं आणि कॅडमियम असलेला. भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतले अशोकन पप्पू, मोहिनी सक्सेना आणि मुंबई आयआयटीचे श्याम आसोलेकर यांनी तो गाळ माती आणि थर्मलच्या राखेत मिसळून भाजलेल्या विटा करून पाहिल्या. फ्रान्समध्ये मोर्सां इथे जुन्या इमारतींतून काढलेलं अ‍ॅस्बेस्टॉस प्लाझ्माच्या झोतात वितळवून त्याचा काळा दगड बनवतात, तो रस्त्याच्या भरावात जातो. नागपूरच्या व्हीएनआयटीत राहुल रालेगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागद गिरणीच्या गाळाच्या हलक्या विटा केल्या. हा गाळ जॅरोसाइटसारखा विषारी नाही, पण बल्लारपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तो ओळखीचा आहे.

मात्र आपल्याकडे अग्नीवर फार श्रद्धा. भाजलं की शुद्ध झालं, असं वाटतं. तसं नाही. पारा, कॅडमियम, थोडंफार शिसं भट्टीच्या आचेला वाफ होऊन चिमणीतून बाहेर पडतं. क्रोमियमचं तर उलटंच होतं. चामड्याच्या गाळातलं क्रोमियम मूळ रूपात फारसं विरघळत नाही. पण चुन्याच्या संगतीने मोकळ्या हवेत भाजलं तर त्याचं विषारी, पाण्यात सहज विरघळणारं रूप तयार होऊ शकतं. म्हणजे आगीनेच विष मोकळं केलं. गावठी भट्टीला ना धूर गाळायची सोय, ना आच मोजायची. म्हणून घातक कचरा कोणत्याही भट्टीत घालू द्यायचा नाही. सिमेंटची भट्टी वेगळी. तिथे माल साडेचौदाशे अंशांपर्यंत तापतो, धूळ पकडायची यंत्रं असतात, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये अशा सहप्रक्रियेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणं आपलं काम.

घुग्घुसमध्ये राहणाऱ्याला हा विषय पुस्तकी नाही. २००९ साली मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. चंद्रपूर पट्टा ८३.८८ गुणांनी देशात चौथा आला, आणि त्या पट्ट्यात ताडाळी, बल्लारपूर यांच्यासोबत घुग्घुसचं नाव होतं. नव्या उद्योगांना काही काळ बंदी आली. आपल्या गॅलरीतल्या तुळशीवर सकाळी जो काळा थर बसतो तो भिंतीतून येत नाही, हे सांगायला मला कुठल्याही चाचणीची गरज वाटत नाही. तो खाणी, वाहतूक आणि चिमण्यांचा. राखाडी भिंतीला घाबरून खिडकी उघडी टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. २६ ऑगस्ट २०२२ ला आपल्याच गावात आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली. खाली जुनी भूमिगत खाण, कोळसा काढून पोकळ राहिलेली. तो कोळसा कुठे तरी जळला, त्याची राख कुठे तरी ढीग होऊन पडली, आणि जिथून निघाला तिथे पोकळी. डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेत राखेच्या मान्य उपयोगांत खाणीतल्या पोकळ्या भरणंही आहे. आमराईनंतर तरी आपल्या भागात हे काम नेटाने व्हायला हवं. अर्थात खालच्या पाण्याची तपासणी करून, नाही तर रोग परवडला पण औषध नको.

देशाचं चित्र पुष्कळ बदललं आहे. २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि सरकारी हिशेबाने ९६ टक्क्यांच्या आसपास वापरली गेली. सर्वांत मोठं गिऱ्हाईक सिमेंट. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात पंधरा ते पस्तीस टक्के राख असते. तेव्हा सभागृह लाल विटेचं बांधा असं म्हणणाऱ्या सभासदांना सांगायला हवं की जोडाईत, गिलाव्यात, स्लॅबमध्ये राख येणारच आहे. तुमच्या लाल घरातही ती आहे.

आपल्या भिंतींचं म्हणाल तर पंचवीस वर्षांत तडे दोन प्रकारचे आले. पश्चिमेच्या भिंतींवर गिलाव्याचे केसासारखे तडे आले. राखेची वीट गुळगुळीत असते, गिलाव्याला तिच्यावर कमी पकड मिळते. काही ठिकाणी वीट न भिजवता, तर काही ठिकाणी फार भिजवून लावली गेली. जिन्याजवळ बीम आणि भिंतीच्या सांध्यात सरळ रेषेत तडे आहेत, कारण त्या सांध्यात जाळी मारली नव्हती. विटेच्या पोटातून फुटलेला तडा मला कुठे सापडला नाही. मागच्या पावसाळ्यात गच्चीच्या कठड्याची एक वीट काढून पाहिली. आत कोरडी, कडा शाबूत, नखाने ओरखडा उठत नाही. २००० साली घेतली त्यापेक्षा ती आज टणक आहे, चुन्याने एवढी वर्षं आपलं काम केलं.

सभागृहासाठी निविदा काढताना पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात अशी उपसमितीला माझी सूचना आहे. विटेचं उत्पादन दिनांकासह चलन आणि अठ्ठावीस दिवस पाणी मारल्याची खात्री. प्रत्येक गाडीचे नमुने फोडून, भिजवून पाहण्याचा संस्थेचा हक्क. एकदा तरी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून जड धातूंची झिरप चाचणी, आणि तिचा अहवाल सूचना फलकावर. राख थर्मलचीच असल्याची पावती, कारण हल्ली दुसऱ्या भट्ट्यांची धूळही राख म्हणून खपवली जाते. वीट आणि बीमच्या सांध्याला जाळी. आणि ज्या कारखान्यात मिक्सरला पाण्याचा फवारा आणि कामगारांच्या तोंडाला धड मास्क नाही, त्याची निविदा दर कमी असला तरी बाजूला ठेवावी. नमुन्याच्या चार विटा संस्थेच्या कार्यालयात कपाटावर ठेवल्या आहेत. दोन लाल, दोन राखाडी. आमसभेच्या आधी ज्यांना वाटेल त्यांनी येऊन उचलून, वाजवून, पाण्यात बुडवून पाहाव्यात. वजनकाटा चिटणिसांकडे आहे.